थंड असताना

पुस्तक रशियन आहे, मुखपृष्ठ कधीच गेलेलं.
एस्तेबेसला वाचता येतं, पण तो म्हणतो चष्मा सापडत नाही,
म्हणून मी वाचते
आणि तो ऐकत नाही.

आत-बाशीच्या गॅरेजात जानेवारी
दाराखालून शिरतो आणि बूट न काढता बसतो.
ट्रकच्या पोटात रात्रीतून तेल गोठून
मेंढीच्या चरबीसारखं झालेलं.
म्हातारा ब्लोटॉर्च पेटवतो, सरपटत खाली जातो.
मी वाचते : उघडी ज्योत वापरण्यास सक्त मनाई.
खालून आवाज येतो,
"पुस्तकाला थंडी वाजत नाही, जिपार."

पान एकशे बारा. ठिणगी कितव्या अंशावर पडावी.
तो डिस्ट्रिब्युटर केसभर पुढे सरकवतो.
"हे लिहिणारा कुठे बसला होता?"
मॉस्कोत असेल.
"तिथे हवा दाट. इथे खिंडीत ती
कंजूष घरच्या चहासारखी,
कपात दिसते, घशाला लागत नाही."
मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून
मूठ कानामागच्या हाडाला लावतो,
डोळे मिटतो.
"तिसरा कुरकुरतोय. पाचव्याची झडप दात वाजवतेय."
उघडून बघावं तर तसंच.
असं वर्षभर चाललं. पुस्तक हरत होतं,
आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

मग कोशोयचा ट्रक आला, कारा-केचेचा कोळसा भरून,
हेडचं गॅस्केट गेलेलं.
नवं बसवलं. एस्तेबेस म्हणाला,
"चालू कर. तापू दे. मग आवळू."
मी वाचलं : बोल्ट इंजिन थंड असतानाच आवळावेत.
पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने.
"चाळीस वर्षं गरम लोखंड आवळलंय मी."
हे लोखंड नाही, काका. अॅल्युमिनियम आहे.
त्याने हेडवर नख वाजवलं. आवाज ऐकला.
ऐकलाच असणार.
आणि गरम गरमच आवळलं,
मनगटाने, खांदा कटकन वाजेपर्यंत.
तोच त्याचा काटा.

तिसऱ्या दिवशी कोशोय परत आला,
ट्रॅक्टरच्या मागे बांधलेला,
कोळशावर वीतभर बर्फ.
बोलला काहीच नाही. नुसतं रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं.
पाण्यात तेल, घुसळून पांढरं झालेलं.

उघडलं, घासलं, पुन्हा गॅस्केट बसवलं.
त्या रात्री कुणी इंजिन चालू केलं नाही.
शेगडी आम्ही मुद्दाम विझवली.
तो टायरवर बसून राहिला, तळवा हेडवर ठेवून,
आजारी वासरापाशी बसतात तसा.
फरक एवढाच
की हे वासरू गार पडायची वाट पाहायची होती.

पहाटे त्याने कपाटातून एक लोकरी मोजा काढला.
मोज्यात काट्याचा पान्हा,
एक ओरखडा नाही त्यावर. उस्तादाने दिलेला, म्हणाला.
कधी, ते मी विचारलं नाही.
"वाच," म्हणाला. "हळू."
मधल्यापासून बाहेर. आडवे-तिरपे. एका दमात नाही.
पाचव्या बोल्टला काटा थरथरायला लागला.
थंडी होती, हे खरं.
पण काटा माझ्याही हातात होता नंतर,
त्याच थंडीत,
आणि थरथरला नाही.

इंजिन लागलं. धूर निवळला.
त्याने स्क्रूड्रायव्हर उजव्या कानामागे लावला, मग डाव्या,
मग मूठ माझ्याकडे धरली.
"तिसरा काय म्हणतोय?"
मी हाड टेकवलं. आधी नुसता गोंगाट.
मग त्या गोंगाटात, घरात लहान मूल गप्प असावं
तसं काहीतरी.
काही म्हणत नाही, मी म्हणाले. चालतोय.
त्याने मान हलवली, कोशोयकडे बघून,
जणू हे त्यालाही ऐकू आलं होतं.

संध्याकाळी त्याने पुस्तक मागितलं.
चष्मा खिशातच होता.
पान एकशे बाराच्या समासात पेन्सिलीने लिहिलं :
खिंडीवर दोन अंश पुढे.
थंड असताना आवळा, त्या ओळीशी
काही लिहिलं नाही. बराच वेळ अंगठा ठेवला.
ठसा आहे अजून.

उघड्या ज्योतीचं पान मात्र
त्याने मला उघडू दिलं नाही.